संवेदक-माहिती व सहकारी सॉफ्टवेअर कारक

औद्योगिक प्रक्रियेतील तापमान, दाब, पातळी, प्रवाह, वजन, रासायनिक संघटन इ. राशी ओळखून त्यांचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीला संवेदक म्हणतात. अशा संकेतांच्या आधारे स्वतः निर्णय घेणाऱ्या व आपल्यासारख्याच इतर घटकांशी संदेशांची देवाणघेवाण करून सामाईक कार्य पार पाडणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला ‘सॉफ्टवेअर कारक’ ही संज्ञा आहे. असे अनेक कारक एकत्र आले म्हणजे सहकारी कारक प्रणाली तयार होते. प्रत्येक कारकाजवळ संपूर्ण प्रक्रियेची माहिती नसते. आपल्या वाट्याचा भाग तेवढाच त्याला दिसतो. त्यामुळे संवेदकांकडून माहिती मिळते किंवा नाही, वेळेवर मिळते किंवा उशिरा, आणि मिळालेली माहिती खरी असते किंवा कसे, यांवर एका कारकाचेच नव्हे, तर सर्वांच्या सहकार्याचे यश अवलंबून असते. या प्रश्नाचा इतिहास स्वयंचलित नियंत्रणाच्या इतिहासाशी निगडित आहे. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत परिचित क्षेत्र म्हणजे साखर कारखाना होय. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद, २०२३ मध्ये नामांतर) या अवर्षणप्रवण जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला आर्थिक व सामाजिक महत्त्वही प्राप्त होते.

साखर कारखान्यातील स्वरूप : महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथील प्रवरा कारखान्याने झाला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा होता. पुढे हे लोण मराठवाड्यात पोहोचले. धाराशिव जिल्ह्यात ढोकी, नळदुर्ग, केशेगाव, मुरूम या ठिकाणी सहकारी, तर रांजणी, चोराखळी इ. ठिकाणी खाजगी कारखाने उभे राहिले.

काट्यावर वजन झालेला ऊस गव्हाणीत पडतो व चरकांच्या मालिकेतून जातो. निघालेल्या रसात चुन्याची निवळी व गंधकाचा धूर सोडून तो निवळतात, बाष्पनपात्रांत आटवून त्याचा पाक करतात आणि निर्वात पात्रांत (पॅनमध्ये) त्याचे स्फटिकीकरण करतात. उरलेल्या चिपाडावर बाष्पित्र (बॉयलर) चालतो व त्याच्या वाफेवर चरक, वीजजनित्र आणि बाष्पनपात्रे चालतात. अशा रीतीने हे एक वर्तुळच असते. चरक थांबला की चिपाड थांबते, चिपाड थांबले की वाफ उतरते व वाफ उतरली की पाक आटत नाही. पूर्वी या विभागांतील सहकार्य अनुभवी कामगारांच्या नजरेवर, हाकेवर व दूरध्वनीवर चाले. पॅनवरील कारागीर पाकाचा थेंब काचेवर घेऊन दाणा पाहत असे. बाष्पित्रावरील कामगार काचनळीतील पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवीत असे. संवेदक व नियंत्रक यांनी ही जागा क्रमाक्रमाने घेतली. पिलानी येथील केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने साखर कारखान्यांसाठी ऊसभरणाच्या व रसाच्या पीएच मूल्याच्या नियंत्रणाच्या प्रणाली विकसित केल्या. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या व आता वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने साखर-तंत्रज्ञानातील संशोधन, प्रशिक्षण व सल्ला यांचे कार्य केले.

नियंत्रणाचा ऐतिहासिक आढावा : जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनाला जोडलेला गोलक-नियामक हा संवेदक व नियंत्रक एकाच यंत्रात सामावल्याचा ठळक नमुना होय. त्यात माहिती व कृती यांच्यामध्ये अंतरच नव्हते. गोलक फाकले की झडप मिटत असे. १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूच्या अभ्यासातून त्रिपदी नियंत्रणाचे (विचलन, त्याची साठवण व त्याच्या बदलाचा वेग यांवर आधारलेल्या नियंत्रणाचे) गणितीय विवेचन केले. १९४२ मध्ये जे. जी. झीग्लर व एन. बी. निकोल्स यांनी अशा नियंत्रकाची मूल्ये ठरविण्याचे व्यवहारोपयोगी नियम मांडले. या काळातील नियंत्रक बहुधा दाबित हवेवर चालत व प्रत्येकाचा संबंध एकाच राशीशी असे.

१९५९ मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यात पोर्ट आर्थर येथील खनिज तेल शुद्धीकरण कारखान्यात संगणकाद्वारे प्रक्रिया-नियंत्रण सुरू झाले. १९६० च्या दशकात एकाच मोठ्या संगणकाकडे सर्व संवेदकांची माहिती आणण्याची पद्धत पुढे आली. परंतु तो संगणक बंद पडला म्हणजे सर्व कारखानाच आंधळा होई. सूक्ष्मप्रक्रियक उपलब्ध झाल्यावर हा दोष दूर करण्याचा मार्ग सापडला. १९७५ मध्ये अमेरिकेतील हनीवेल व जपानमधील योकोगावा या कंपन्यांनी विकेंद्रित नियंत्रण प्रणाली बाजारात आणल्या. त्यांत प्रत्येक विभागाला स्वतंत्र नियंत्रक असून ते एका संदेशवाहिनीने जोडलेले असत. त्यामुळे एका ठिकाणचा बिघाड सर्वत्र पसरेनासा झाला. मात्र एका विभागाची माहिती दुसऱ्याला संदेशावाचून कळेनाशी झाली. सहकारी कारकांचा प्रश्न येथून उद्भवतो.

दरम्यान १९६० मध्ये रूडॉल्फ काल्मान यांनी निरीक्ष्यतेची संकल्पना मांडली. बाहेरून मोजता येणाऱ्या राशींवरून प्रक्रियेची संपूर्ण अंतर्गत स्थिती निश्चित करता येत असेल, तर ती प्रक्रिया निरीक्ष्य समजतात. काल्मान यांनी दिलेल्या गाळणी-पद्धतीने सदोष मापनांवरूनही स्थितीचा उत्तम अंदाज करता येऊ लागला. संवेदक किती आहेत यापेक्षा ते कोठे व कशावर बसविले आहेत हे महत्त्वाचे, ही गोष्ट या सिद्धांताने स्पष्ट केली.

सहकारी कारकांचा उदय : कार्नेगी-मेलन विद्यापीठात राज रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात उभारलेली ‘हिअरसे-२’ ही वाणी-आकलन प्रणाली या क्षेत्रातील महत्त्वाची पायरी होय. तीत ध्वनी, शब्द, वाक्यरचना यांचे जाणकार असे स्वतंत्र घटक होते व ते आपापले तर्क एका सामाईक ‘फळ्या’वर मांडून परस्परांना पूरक ठरत. १९८० मध्ये रीड स्मिथ यांनी ‘करार-जाल’ ही पद्धत मांडली. तीत एक कारक कामाची सूचना प्रसृत करतो, इतर कारक निविदा भरतात आणि योग्य कारकाला काम मिळते. स्मिथ यांनी उदाहरणादाखल विखुरलेल्या संवेदकांचे जाळेच घेतले होते, हे उल्लेखनीय आहे.

मॅसॅचूसेट्स विद्यापीठात व्हिक्टर लेसर व डॅनियल कॉर्किल यांनी १९८० च्या दशकात वाहनांच्या आवाजावरून त्यांचा मार्ग शोधणाऱ्या कारकांची प्रायोगिक प्रणाली तयार केली. प्रत्येक कारकाला क्षेत्राचा काही भागच ऐकू येई व संवेदकांत दोष असल्याने नसलेल्या वाहनांचे भासही उत्पन्न होत. अपुऱ्या व तात्पुरत्या निष्कर्षांची देवाणघेवाण करूनही योग्य उत्तर मिळविता येते, असे या प्रयोगांतून दिसून आले. मात्र एखाद्या कारकाने चुकीच्या माहितीवर आधारलेला तर्क ठामपणे पाठविला, तर शेजारचे कारक आपले योग्य काम सोडून त्याच्यामागे धावतात, असेही आढळले. अधिक माहिती म्हणजे अधिक चांगला निर्णय, हे समीकरण नेहमीच खरे नसते असा याचा अर्थ होतो.

यूरोपमध्ये १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्कॉन’ प्रकल्पाने ही कल्पना प्रत्यक्ष उद्योगात आणली. उत्तर स्पेनमधील वीज पारेषण जालात दोष निर्माण झाल्यास तो ओळखणारे दोन कारक त्यात होते. एकाला धोक्याच्या सूचना त्वरित मिळत; पण त्यांचा कालक्रम खात्रीचा नसे. दुसऱ्याला अचूक कालक्रमाने नोंदलेल्या सूचना मिळत. पण त्या उशिरा येत. पहिल्याने तात्पुरते निदान करावयाचे, अंधारलेला प्रदेश निश्चित करणाऱ्या तिसऱ्या कारकाने शोधाचे क्षेत्र मर्यादित करावयाचे आणि दुसऱ्याने निदान पक्के करावयाचे, अशी कामाची वाटणी होती. प्रकल्पातील संशोधक निकोलस जेनिंग्ज यांनी १९९५ मध्ये संयुक्त जबाबदारीचे तत्त्व मांडले. सामाईक उद्दिष्ट निरर्थक झाले आहे किंवा आधारभूत माहिती चुकीची होती असे एखाद्या कारकास कळले, तर त्याने स्वतः काम थांबविणे पुरेसे नाही. इतरांना तसे कळविणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तसे न केल्यास इतर कारकांचे श्रम वाया जातात.

माहितीच्या उपलब्धतेचे परिणाम : माहितीचा अभाव तीन प्रकारचा असतो : माहिती न येणे, उशिरा येणे व खोटी येणे. यांपैकी पहिला प्रकार ओळखण्यास सोपा व तिसरा सर्वांत कठीण असतो.

पहिल्या प्रकाराचे चांगले उदाहरण बाष्पित्राच्या पाणी-नियंत्रणात आढळते. वाफेची मागणी एकाएकी वाढली म्हणजे पिंपातील दाब उतरतो, पाण्यातील बुडबुडे फुगतात व पाणी कमी होत असतानाही पातळी वर चढल्याचा भास होतो. केवळ पातळीवर विसंबणारा नियंत्रक अशा वेळी पाणी कमी करतो, म्हणजे नेमकी उलट कृती करतो. म्हणून पातळी, वाफेचा प्रवाह व पुरवठ्याच्या पाण्याचा प्रवाह अशा तिन्ही मापनांचा उपयोग करतात. वाफ-प्रवाहाचा संवेदक बंद पडल्यास नियंत्रक एका मापनावर येतो व काम चालू राहते. पण त्याची सहनशक्ती घटलेली असते. ही घट निर्वात पात्रांच्या कारकाला कळली, तर तो वाफेची मागणी हळूहळू वाढवील. न कळल्यास नेहमीप्रमाणे एकदम वाफ ओढील. पहिल्या स्थितीत कारखाना मंद गतीने पण सुरक्षितपणे चालतो, दुसऱ्या स्थितीत अपघाताचा संभव असतो. संवेदक दोन्हींत सारखाच बंद असतो. फरक केवळ ते सांगण्या-न सांगण्याचा असतो.

संदेश अधूनमधून गहाळ होत असल्यास काय होते, याचे गणितीय उत्तर ब्रूनो सिनोपोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दिले. स्वभावतः अस्थिर प्रक्रियेत संदेश पोहोचण्याच्या संभाव्यतेला एक सीमा असते; तिच्या खाली अंदाजातील सरासरी त्रुटी अमर्याद वाढते. उदा., एकाच राशीने वर्णन करता येणाऱ्या प्रक्रियेतील विचलन प्रत्येक टप्प्यास दुप्पट होत असेल, तर ही सीमा ७५ टक्के येते. स्वभावतः स्थिर प्रक्रियेला अशी सीमा नसते. त्यामुळे किती माहिती पुरेशी, हे प्रक्रियेच्या स्वरूपावरून ठरते.

खोट्या माहितीचा विचार लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक व मार्शल पीज यांनी १९८२ मध्ये ‘बायझंटिन सेनापतीं’च्या प्रसिद्ध कूटाद्वारे केला. एक घटक वेगवेगळ्या सोबत्यांना वेगवेगळी माहिती देत असेल, तर तिघांत एकमत होणे अशक्य असते. त्यासाठी किमान चार घटक लागतात. प्रत्यक्षातील अपघात हेच सांगतात. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारी झडप उघडीच अडकली होती. परंतु फलकावरील दिवा झडपेची स्थिती दाखवीत नसून ती मिटण्याची आज्ञा दिली गेल्याचे दाखवीत होता. २३ मार्च २००५ रोजी टेक्सस सिटी येथील तेल शुद्धीकरण कारखान्यात मनोरा द्रवाने भरत चालला असता पातळी-दर्शक ती उतरत असल्याचे दाखवीत होता. तेथील स्फोटात १५ जण मृत्युमुखी पडले. साखर कारखान्यात हा प्रकार संथपणे घडतो. पीएच मापकाच्या विद्युत् अग्रावर पुटे चढतात व त्याचे वाचन हळूहळू सरकते. रस वाजवीपेक्षा अम्लीय राहिल्यास शर्करेचे विघटन होऊन साखर नाहीशी होते. अधिक क्षारीय झाल्यास रंग गडद होतो. चुना सोडणाऱ्या कारकाला सर्व ठीक दिसते. दोष कळतो तो प्रयोगशाळेला किंवा पुढच्या विभागाला, तोही काही तासांनी.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ : साखर कारखान्यात न मोजलेल्या राशीची जागा समीकरणाने भरून काढण्याची जुनी पद्धत आहे. ऊस व चरकावर शिंपडलेले पाणी यांचे एकूण वजन हे मिश्र रस व चिपाड यांच्या एकूण वजनाइतके असते. चिपाडाचे वजन करणे गैरसोयीचे असल्याने ते या समीकरणातून काढतात. यात संवेदकाची बचत होते. मात्र इतर तीन मापनांतील प्रत्येक चूक चिपाडाच्या माथी जाते, आणि चिपाड तपासण्यासाठी दुसरे साधन उरत नाही. उपलब्ध व अनुमानित माहिती यांतील हा भेद कारकांच्या संदेशांत स्पष्ट असणे आवश्यक असते.

या मापनांवर शेतकऱ्याचे उत्पन्न अवलंबून असते. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशात २००९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र शासन उसाचा रास्त व किफायतशीर दर ठरविते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा असून त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यास ३.४६ रुपये अधिक मिळतात. या दराने २० टनांच्या खेपेत काट्याची अर्ध्या टक्क्याची चूक म्हणजे एक क्विंटल ऊस, अर्थात ३५५ रुपये होतात. तर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यातील ०.१ टक्क्याच्या फरकाने त्याच खेपेची किंमत ६९२ रुपयांनी बदलते. ऊस देणाऱ्याला काट्याचा आकडा तेथल्या तेथे दिसतो. उतारा मात्र संपूर्ण हंगामाच्या हिशेबातून निघतो. म्हणून संवेदकांची माहिती यंत्रांना उपलब्ध असणे जितके आवश्यक, तितकेच ती ऊस उत्पादकाला पडताळता येणेही आवश्यक ठरते. सहकारी कारखान्यात सभासद हाच मालक असल्याने त्याचा हा अधिकार अधिकच स्पष्ट असतो.

अवर्षणामुळे दुसरा प्रश्न उद्भवतो. महाराष्ट्राचे साखर उत्पादन २०१४-१५ मध्ये सुमारे १०५ लाख टन होते. लागोपाठच्या दुष्काळांनंतर २०१६-१७ मध्ये ते सुमारे ४२ लाख टनांवर आले. ऊस तुटक येऊ लागला म्हणजे चरक वारंवार थांबतात, बाष्पित्राचा भार वरखाली होतो व संवेदकांच्या नोंदींचे स्वरूपच पालटते. भरघोस हंगामातील नोंदींवर शिकविलेल्या कारकाला हे दिवस अपरिचित असतात. अशा वेळी माहितीचा ओघ अखंड असूनही उपयुक्त माहितीचा अभाव असतो.

संवेदकांची माहिती कारखान्याच्या कुंपणाबाहेर नेण्याचा टप्पा २०१४ मध्ये आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने साखर कारखाने व आसवन्या यांसह अतिप्रदूषक उद्योगांच्या १७ वर्गांना सांडपाणी व धूर यांचे अखंड मापन करून ते थेट मंडळाकडे पाठविण्याचे निर्देश दिले. त्यामुळे नियामक संस्था ही या माहितीच्या साखळीतील एक दुवा झाली व मापनातील खंड हीच एक नोंदण्याजोगी बाब बनली.

२०२१ मध्ये करोनाच्या साथीत कळंब तालुक्यातील चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून वैद्यकीय ऑक्सिजनची निर्मिती हाती घेतली. अल्कोहॉलातील पाणी शोषून घेणाऱ्या यंत्रणेच्या जागी हवेतील नायट्रोजन शोषून घेणारी यंत्रणा अशी ही कल्पना होती. पात्रे, नळ, झडपा, तापमान व दाब यांचे मापक बहुतांशी पूर्वीच्याच प्रकारचे चालू शकतात. पण रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक असलेली राशी म्हणजे ऑक्सिजनाची शुद्धता, आणि इथेनॉल प्रकल्पाला तिच्या मापनाची गरज कधीच नसते. प्रक्रियेचे उद्दिष्ट बदलले की पुरेशी माहिती कोणती हेही बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

उद्योगाबाहेरचा पण याच भूमीवरील अनुभव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचा होय. लातूर जिल्ह्यातील किल्लारी व धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात पहाटे झालेल्या ६.२ महत्तेच्या या भूकंपात सात हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. १९९२ मध्ये येथे लहान धक्के जाणवले होते. परंतु जवळच्या परिसरात कायमस्वरूपी भूकंपमापक केंद्रे नव्हती. भूकंपाचे स्थान ठरविण्यास किमान तीन केंद्रांच्या नोंदी लागतात व त्याची खोली नीट कळण्यास एखादे केंद्र जवळ असावे लागते. दूरच्या केंद्रांचे परस्पर सहकार्य कितीही चांगले असले, तरी जवळच्या मापकाची उणीव त्याने भरून निघत नाही.

मूल्यमापन : वॉट यांच्या नियामकात माहिती, निर्णय व कृती एकत्र होत्या, विकेंद्रित प्रणालींत त्या विलग झाल्या आणि त्यांना जोडणारा संदेश हाच सर्वांत नाजूक दुवा ठरला. संवेदकांची संख्या वाढविणे हा यावरील एक उपाय असला, तरी तो एकमेव नाही. महत्त्वाच्या राशीचे एकाहून अधिक स्वतंत्र संवेदकांनी मापन करणे, प्रत्येक आकड्यासोबत त्याची वेळ व विश्वसनीयता कळविणे, मोजलेली व अनुमानित राशी वेगळी दाखविणे, माहिती खंडित झाल्यास सुरक्षित पण मंद अशा कार्यपद्धतीवर येणे आणि आपली असमर्थता इतर कारकांना त्वरित सांगणे, ही तत्त्वे गेल्या पाच दशकांच्या अनुभवातून स्थिर झाली आहेत. गव्हाणीपासून पोत्यापर्यंतच्या साखळीत काचेवरील थेंब पाहणाऱ्या कारागिराची जागा संवेदकाने घेतली, तरी आपल्याला दिसत नाही तेव्हा तसे सांगण्याची त्या कारागिराची सवय कारकांच्या अंगी आणावी लागते. जेथे पाणी व ऊस दोन्ही मोजूनमापून वापरावे लागतात, अशा धाराशिवसारख्या प्रदेशात तिचे मोल विशेष आहे.